मायक्रोवेव्ह डायजेस्टर : आठ महिने रोज वापरल्यानंतर

आमची लॅब अन्नपदार्थ तपासणीची. हळद, मिरची पूड, शेंगदाणे, सुकी मासळी यांतलं शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा मोजायचा. मोजण्याआधी नमुना गरम ॲसिडमध्ये विरघळवावा लागतो. पूर्वी ते सगळं हॉटप्लेटवर चालायचं आणि फ्यूम हूडसमोर (धूर ओढून घेणारं काचेचं कपाट) दिवस जायचा. पारा तर बीकरमधून उडूनच जायचा. आता १६ व्हेसलचा बंद डायजेस्टर आहे, म्हणजे हेच काम झाकणबंद भांड्यांत (व्हेसल) मायक्रोवेव्हने करणारं यंत्र. सगळी व्हेसल एका फिरत्या चकतीत, रोटरमध्ये, बसतात. पारा आतच राहतो, एका नमुन्याला ८-१० मिली ॲसिड पुरतं आणि थंड होण्याचा वेळ धरूनही दिवसात तीन-चार रोटर निघतात. कामावर मी खूश आहे. सुरक्षिततेचं मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण डेमोच्या दिवशी ते दहा मिनिटांत उरकलं गेलं.

तीव्र नायट्रिक ॲसिड उघड्यावर साधारण १२० अंशांना उकळतं. बंद व्हेसलमध्ये आपण ते १८०-२०० पर्यंत नेतो. त्या तापमानाला नमुन्यातल्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो, नायट्रिकचे तपकिरी वायू होतात आणि हे सगळं त्या छोट्या भांड्यात कोंडतं. म्हणून वजन हीच पहिली खबरदारी. हळद, मिरची मी अर्ध्या ग्रॅमच्या वर घेत नाही. शेंगदाणे, तेलकट मासळी पाव ग्रॅम.

हे तिसऱ्या महिन्यात पक्कं कळलं. रिपोर्टची घाई होती, म्हणून हळदीच्या रोटरमध्ये शेंगदाण्याची दोन व्हेसल बसवली, तीही अर्ध्या ग्रॅमची. तापमानाचा सेन्सर एकाच व्हेसलमध्ये असतो, तो हळदीच्या. पडद्यावरची रेषा अगदी सरळ चढत होती. दीडशेच्या आसपास फस्स आवाज आला आणि काचेतून आतला तपकिरी धूर दिसला. "मॅडम, दार उघडू का?" मदतनीस मुलाने विचारलं. मी त्याला मागे ओढलं. हीटिंग बंद केलं, एक्झॉस्ट चालू ठेवला आणि तासभर दाराला हात लावला नाही. व्हेसलने दाब सोडला, ते त्याचं कामच होतं. त्या दोन्हींत तळाला जेमतेम पिवळं पाणी उरलं होतं. तेव्हापासून एका रोटरमध्ये एकाच जातीचे नमुने, एकाच वजनाचे, तेच ॲसिड तेवढंच. आणि ॲसिड घातल्यावर झाकण न लावता हूडमध्ये वीस मिनिटं थांबायचं. फेस आणि धूर बसला की हायड्रोजन पेरॉक्साइड, मगच झाकण.

दुसरी गोष्ट बारीक आहे. व्हेसलमध्ये आत टेफ्लॉनचा (प्लास्टिकचा) पेला असतो, तो लायनर; त्याला दाबापासून सांभाळणारं बाहेरचं कवच म्हणजे जॅकेट. एका लायनरच्या बाहेरच्या अंगावर मोहरीएवढा तपकिरी फोड दिसला. लायनर आणि जॅकेटच्या मध्ये ॲसिडचा थेंब राहिला की तो तिथेच तापतो आणि प्लास्टिक जाळतो. आता प्रत्येक लायनर बाहेरून कोरडा पुसून उजेडात फिरवून बघते. नमुना भिंतीला चिकटला असेल तर त्याच ॲसिडने खाली उतरवते.

उघडताना ५० अंशांच्या खाली आल्याशिवाय नाही. हूडमध्ये, काच खाली ओढून, व्हेंटचं (वायू सुटायच्या छिद्राचं) तोंड पलीकडे करून स्क्रू हळूहळू सैल करायचा. तपकिरी वायूचा त्रास लगेच जाणवेलच असं नाही, काही तासांनी फुप्फुसात पाणी होऊ शकतं. घशात गेला असं वाटलं तर घरी जाऊन बघू म्हणू नका, डॉक्टरांकडे जा.

व्हेसल अल्कोहोल किंवा ॲसिटोनने धुऊन ठेवायची सवय कुणाला असेल तर ती मोडा; नायट्रिकशी त्यांचं स्फोटक जमतं. परक्लोरिक या यंत्रात नकोच. सल्फ्युरिकही नको : ते ३०० अंशांच्या वर उकळतं आणि टेफ्लॉन ३२७ ला वितळतं. माती किंवा सिलिकासाठी हायड्रोफ्लोरिक वापरणार असाल तर कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (त्या ॲसिडने भाजलं तर लावायचं) त्याच टेबलावर हवं, कपाटात कुलूपबंद नको.

तक्रार एकच, सुटे भाग महाग आहेत आणि यायला आठवडे लागतात. म्हणून लोक तडा गेलेलं जॅकेट "अजून एक रन" म्हणून चालवतात. आम्ही प्रत्येक व्हेसलला नंबर दिलाय आणि वहीत रन मोजतो. ७ नंबर मागच्या आठवड्यात बाद केला, आता १५ वरच काम चाललंय. यंत्र घेणार असाल तर चार जादा लायनर आणि दोन जॅकेट पहिल्याच कोटेशनमध्ये लिहून घ्या.