जुन्या जीपचे पाच मीटर: दुरुस्त करावेत, नवे घ्यावेत की आतून बदलावेत?

दुसऱ्या महायुद्धातली विलिस एमबी जीप हाती आली की इंजिन आणि बॉडीचा निर्णय लवकर होतो, घोडं अडतं ते डॅशबोर्डपाशी. 60 मैलांचा स्पीडोमीटर आणि त्याच्या सोबतीला पेट्रोल, ऑइल प्रेशर, तापमान, अँपिअर असे चार छोटे मीटर. वाटा तीन आहेत: आहेत ते दुरुस्त करायचे, तसेच दिसणारे नवे घ्यायचे, किंवा जुन्या कड्यात इलेक्ट्रॉनिक यंत्र बसवायचं. बहुतेक जण पाचही मीटरना एकच न्याय लावतात आणि पैसे तिथेच वाया जातात. या पाचांची आतली यंत्रं एकसारखी नाहीत.

पण कुठलंही कडं उचकटण्याआधी आकड्यांचा आणि काट्याचा रंग नीट बघा. युद्धकाळातल्या तबकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग वापरला जायचा. आज तो तपकिरी पडलेला असतो, अंधारात चमकतही नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात. संपलेली असते ती फक्त चमक देणारी पूड. रेडियमचं अर्धायुष्य मात्र 1600 वर्षांचं आहे. हा रंग खरवडू नका, फुंकर मारू नका, ब्रशने झाडू नका, कारण त्याची धूळ श्वासातून आत जाणं हाच खरा धोका आहे. गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र, मिळवून तपासा. तो कडकडला तर ते मीटर न उघडता बंद ठेवा आणि गाडीत नवं लावा. इथे मूळपणाचा आग्रह मला मान्य नाही.

स्पीडोमीटर मात्र शक्यतो मूळच ठेवा. केबल आतलं चुंबक फिरवते, त्या ओढीने ॲल्युमिनियमची वाटी वळते आणि केसासारखी स्प्रिंग तिला मागे खेचते. एवढ्या साध्या यंत्रात बिघडण्यासारखं फार काही नाही. काटा थरथरत असेल तर दोष बहुधा कोरड्या किंवा मुडपलेल्या केबलचा. आमच्या जीपचा काटा एकदा सुटताच साठावर जाऊन चिकटला. उघडलं तर चुंबक आणि वाटीच्या मध्ये ग्रीस. कुणीतरी केबलला वरपर्यंत ग्रीस चोपडलं होतं आणि फिरत्या केबलबरोबर ते मीटरमध्ये चढलं. वाटी पुसली आणि काटा जागेवर आला. ग्रीस खालच्या दोन तृतीयांश भागालाच लावावं. किलोमीटरची तबकडी हवी असेल तर ती छापून घेता येते, 60 मैलांच्या जागी साधारण 97 येतात. फक्त खालची आकड्यांची चाकं मैलच मोजत राहतील. जीपीएसवर चालणारं यंत्र घ्यायचं ते गिअरबॉक्स किंवा टायर बदलले असतील तरच. कामशेतच्या बोगद्यात त्याला उपग्रह सापडत नाहीत.

तापमानाच्या मीटरबाबत माझं मत अगदी उलट आहे. इंजिनपासून येणाऱ्या बारीक नळीत सहज वाफ होणारा द्रव भरलेला असतो. नळीला चीर गेली की मीटर मेलं. नव्या मीटरची नळी जुन्याला जोडणारे कारागीर आहेत, पण आत ईथरसारखा पेट घेणारा द्रव असू शकतो, म्हणून बर्फात बुडवून सोल्डरिंगचा डाग द्यावा लागतो. घरच्या टेबलावर हे करू नये. असा कारागीर जवळ नसेल तर नवंच घ्या आणि बसवण्याआधी त्याच्या नळीच्या टोकाचा बल्ब उकळत्या पाण्यात धरा. पुण्यात पाणी साधारण 98 अंशांना उकळतं, म्हणजे फॅरेनहाइटमध्ये 208. काटा समुद्रसपाटीच्या 212 ला नाही पोचला म्हणून दुकानदाराशी भांडू नका.

ऑइल प्रेशरमध्ये वाकवलेली चपटी नळी दाबाने उलगडते, बाकी काही नाही. ती शाबूत असेल तर मूळच ठेवा, फक्त इंजिनकडून येणारी नळी नवी घाला. ती फुटली तर ऑइल पायांवर सांडतं.

सहा व्होल्टची जीप बारावर नेणार असाल तर यातलं किती बदलावं लागतं? जवळपास काहीच नाही. स्पीडोमीटर, ऑइल आणि तापमानाच्या मीटरना विजेशी देणंघेणं नाही. अँपिअर मीटर प्रवाह मोजतं, व्होल्ट नव्हे, त्यामुळे तेही चालतं. मात्र गाडीचा चार्जिंगचा सगळा प्रवाह त्यातून जातो. मागचे नट सैल राहिले तर ते तापतात आणि वायर जळते, म्हणून ते स्वतः घट्ट करा. दिव्यांचे बल्ब बदला आणि पेट्रोलच्या मीटरला व्होल्ट कमी करणारं उपकरण लावा.

पेट्रोलचं मीटर विकत घ्यायची घाई सगळ्यात जास्त होते. आधी ड्रायव्हरच्या सीटखालच्या टाकीतला फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी मीटरला कळवणारा तरंगता भाग, बाहेर काढा, त्याला अर्थिंग द्या आणि हाताने वरखाली करा. काटा मागोमाग हलला तर मीटर ठणठणीत आहे. काटा ढिम्म असेल तरी पहिला संशय फ्लोटच्या गंजलेल्या तारेवर घ्या. नवं मीटर घेतलंच तर फ्लोटही त्याच्या जोडीचा घ्या. अमेरिकन पद्धतीचा एक फ्लोट रिकाम्या टाकीला 240 ओहम विद्युतरोध आणि भरलेल्या टाकीला 33 दाखवतो, व्हीडीओ (VDO) या मीटर बनवणाऱ्या कंपनीचा रिकाम्याला 10 आणि भरलेल्याला 180. या दोन्हींची सरमिसळ झाली की टाकी काठोकाठ भरली तरी काटा रिकाम्याकडे जातो, आणि टाकी आटली की भरलेल्याकडे.