कवितेवर बोलायला वर्गाचा ग्रुप बरा की क्लासरूम?

जून जवळ आला की ओळखीतल्या मराठीच्या शिक्षकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. नववी-दहावीच्या मुलांना कवितांवर शाळा सुटल्यावरही बोलतं करायचंय, तर मोबाइलवरचा वर्गाचा ग्रुप पुरे की गूगल क्लासरूमसारखं ऑनलाइन वर्गाचं वेगळं काही उघडावं? मी दोन्ही करून पाहिलंय. जून २०२० पासून दोन वर्षं नुसता ग्रुप, आणि त्यानंतर कवितेपुरतं क्लासरूम. माझं झुकतं माप कुठे आहे ते पुढे दिसेलच, पण आधी ग्रुपच्या पदरात त्याचं माप नीट टाकतो.

ग्रुप मुलांना शिकवावा लागत नाही. घरात एकच फोन, तोही वडिलांचा, आणि ते कामावरून यायचे आठला. तरी त्या फोनवर ग्रुप आधीपासून उघडलेला असतो. पासवर्ड नको, वेगळा ईमेल नको. पण ग्रुपची खरी कमाई म्हणजे आवाज. संतवाणीतला नामदेवांचा अभंग शिकवताना मी प्रकट वाचन रेकॉर्ड करून पाठवायला सांगितलं होतं. एका मुलाने स्वतःचा आवाज पाठवलाच नाही, आजीचा पाठवला. आजीने अभंग भजनाच्या चालीत म्हटला होता, मागे कुकरची शिट्टी होती, आणि मध्येच थांबून ती नातवाला सांगत होती, "इथं टाळ थांबायचा बरं का." दुसऱ्या दिवशी मी ते वर्गात दोनदा ऐकवलं. शब्दांवर जोर कुठे द्यायचा हे समजावण्यात माझा पाऊण तास गेला असता, तो वाचला. क्लासरूममध्ये हेच करायचं तर आवाजाची फाइल वेगळी करून जोडावी लागते, आणि मुलं तेवढा खटाटोप करत नाहीत. प्रकट वाचन, श्रवण, भाषण यावर तुमचा भर असेल, तर ग्रुप सोडू नका असंच मी म्हणेन.

मी कवितेच्या चर्चेसाठी तो सोडला, त्याला कारण एकच.

दहावीच्या कुमारभारतीत नारायण सुर्वे यांची 'दोन दिवस' आहे. त्यातल्या हातांबद्दलच्या ओळी वर्गात झाल्या आणि संध्याकाळी मी ग्रुपवर प्रश्न टाकला: हे वाचताना तुम्हाला कुणाचे हात आठवले? सात वाजून बारा मिनिटांनी वर्गातल्या सगळ्यांत हुशार मुलीचं उत्तर आलं. चांगलं होतं. वडील, शेत, घाम, कृतज्ञता. फक्त घाईत 'दारिद्र्य'चं 'दारिद्र' झालं होतं. रात्री दहापर्यंत एकतीस उत्तरं जमली आणि त्यातल्या सतरांमध्ये 'दारिद्र' होतं. ज्याचे वडील रिक्षा चालवतात, त्याच्याही उत्तरात वडील शेतात घाम गाळत होते.

मुलांनी चोरी केली असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. हुशार मुलीचं उत्तर पहिलं आलं की बाकीच्यांना वाटतं, सरांना हेच हवंय. मग आपल्या मनात आलेलं बाजूला पडतं, बरेचदा ते मनात यायच्या आधीच. गणितात एकाचं पाहून दुसऱ्याने लिहिलं तर निदान उत्तर तरी बरोबर येतं. कवितेत मात्र अशा लिहिण्यातून काहीच हाती लागत नाही, कारण तिथे विचारलेलं असतं ते तुझं. कृतिपत्रिकेत, म्हणजे परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत, स्वमत आणि अभिव्यक्तीच्या कृती आहेत त्या याचसाठी. गाईडमधली उत्तरं पाठ करण्याच्या सवयीवर आपण वर्षभर बोलत असतो आणि इथे मीच रोज संध्याकाळी सात वाजता सगळ्यांच्या हातात एक ताजं गाईड देत होतो.

उपाय करून पाहिले. उत्तर मला एकट्याला पाठवा म्हटलं, तर बावन्न वेगळ्या गप्पा सुरू झाल्या आणि मुलांनी एकमेकांचं वाचणंच थांबलं. सगळ्यांनी बरोब्बर नऊला टाका म्हटलं, तरी जिला पटपट टाइप करता येतं तिचंच पहिलं.

क्लासरूममध्ये गृहपाठाऐवजी 'प्रश्न' निवडला आणि मुलांना एकमेकांना उत्तर देण्याची मुभा ठेवली, की एक साधी गोष्ट घडते. स्वतःचं उत्तर दिल्याशिवाय दुसऱ्याचं दिसत नाही. दिलं की सगळ्यांची दिसतात, आणि मग त्यांच्याखाली लिहिता येतं. माझ्यासाठी तराजू इथेच झुकला. मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या प्रणालीतही प्रश्नोत्तर पद्धतीच्या चर्चेत हीच सोय आहे, फक्त ते चालवणारं कुणीतरी शाळेत हवं. पॅडलेट या संकेतस्थळावरच्या ऑनलाइन फलकावर शिक्षकाने मंजूर केल्यावरच मजकूर दिसेल असं ठेवता येतं, म्हणजे सगळी उत्तरं अडवून एकदम सोडता येतात. पण फुकटात फलक मोजकेच मिळतात.

पुढच्या तुकडीला मी तोच प्रश्न क्लासरूमवर विचारला. एका मुलाने, जो वर्गात हजेरीपुरतंच बोलायचा, चार ओळी लिहिल्या. आई चार घरी भांडी घासते. तिच्या बोटांवरच्या रेषा झिजल्यात, रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा लागत नाही, म्हणून महिन्याला तिच्याबरोबर मला जावं लागतं. बस, एवढंच. कृतज्ञता नाही, घाम नाही. त्या चार ओळींखाली अकरा मुलांनी लिहिलं. एकीने लिहिलं की माझ्या आजीचाही लागत नाही, ती बिड्या वळायची. एकाने विचारलं, मग तुम्ही काय करता? दुसऱ्या दिवशी ती कविता मला नव्याने शिकवावी लागली, आणि तेव्हा वर्गात जी शांतता होती ती मी विसरलेलो नाही. हुशार मुलीचं शेताचं उत्तर आधी समोर दिसलं असतं, तर त्या मुलाने रेशनचं मशीन लिहिलं असतं का? मला नाही वाटत.

अर्थात ही तुकडीच वेगळी असेल, हेही शक्य आहे. मी काही मोजमाप केलेलं नाही. शिवाय क्लासरूमवर उत्तरांची संख्या पडतेच. पासवर्ड विसरणं, आईच्या खात्यातून चुकून लिहिणं, मराठी कीबोर्ड न सापडणं, यात पहिला महिना जातो. वीस-पंचवीस मुलांचा वर्ग असेल आणि मुलं मोकळी असतील, तर कदाचित तुम्हाला ग्रुपवरही ही अडचण येणार नाही.

दोन गोष्टी मात्र आधीच ठरवा. ग्रुपमध्ये प्रत्येक मुलीचा किंवा तिच्या आईचा नंबर सगळ्या वर्गाला दिसतो. पालकांना हे विचारून घ्या, गृहीत धरू नका. आणि साधन कुठलंही असो, चांगली उत्तरं वहीत उतरवून घ्या. एडमोडो हे वर्गासाठीच बनवलेलं सोशल नेटवर्क होतं, २००८ मध्ये सुरू झालेलं, जगभरच्या शाळांत वापरलं गेलेलं; २२ सप्टेंबर २०२२ ला ते बंद झालं. माझ्या वर्गात आता दर महिन्याला पाच उत्तरं त्या-त्या मुलाच्या अक्षरात सूचनाफलकावर लागतात.

सध्या माझ्याकडे सूचना आणि आवाज ग्रुपवर, कवितेचा प्रश्न क्लासरूमवर. तुम्ही याच जूनमध्ये सुरू करणार असाल, तर पहिल्या प्रश्नाला गुण ठेवू नका, उत्तर चार ओळींपेक्षा मोठं मागू नका आणि मुदत रात्री दहाची ठेवा. वडील आठला येतात, जेवण होतं, मग फोन मुलांच्या हातात येतो.