सलाइन की गोळ्या: स्टेरॉइडच्या मोठ्या डोसचा दोन्ही वाटांनी घेतलेला अनुभव

डोळ्याच्या नसेला माझ्या दोनदा सूज आली. पहिल्या खेपेला मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सलाइनमधून घेतलं, रोज १००० मिलिग्रॅम, तीन दिवस. दुसऱ्या खेपेला तेवढाच डोस गोळ्यांतून.

आधी एक गल्लत टाळू. गोळ्या म्हणजे इथे वजनाच्या किलोमागे १ मिलिग्रॅमचा नेहमीचा कोर्स नव्हे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ऑप्टिक न्यूरायटिसच्या (म्हणजे डोळ्याच्या नसेच्या याच सुजेच्या) अमेरिकन चाचणीत तसा कोर्स नुसता घेणाऱ्यांची सूज जास्त वेळा परत आली होती. शिरेतून घेणाऱ्यांची नजर लवकर सुधारली; सहा महिन्यांनी मात्र काहीच न घेतलेल्यांशी त्यांचा फारसा फरक उरला नाही. तेव्हा मोठ्या डोसकडून मिळतो तो मुख्यतः वेग. मोठा डोस तोंडावाटे दिला तरी चालतो का, हे मल्टिपल स्क्लेरोसिसच्या (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणाच्या आजाराच्या) झटक्यांपुरतं २०१५ च्या फ्रेंच चाचणीने तपासलं. महिन्याभराने दोन्ही गट जवळपास सारखेच निघाले.

मग ठरवायचं कशावर? माझं ठरलं झोपेवर.

सलाइन लावायला सकाळी नऊला हजर व्हायचो. साखर तपासा, खाट रिकामी होऊ द्या, औषध येऊ द्या, यात बाटली टांगायला दुपारचे साडेतीन वाजत. हे औषध घाईने सोडलं तर हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून तास-दीड तास थेंब मोजत पडायचं. तोंडाला नाणं चघळल्यासारखी चव. आणि रात्री दोन वाजता मी टक्क जागा. कपाट आवरून झालं, तरी हात शिवशिवताहेत. दुसऱ्या रात्रीही तेच. मनगटातली सुई तिसऱ्या दिवशी ठणकायला लागली, पण ते चालून गेलं असतं.

गोळ्या सकाळी सातला, पोटात काहीतरी टाकून, घेता आल्या. झोप पूर्ण नव्हती, पण चार-पाच तास लागली. आता गंमत अशी, की त्याच फ्रेंच चाचणीत निद्रानाशाची तक्रार गोळीवाल्यांनीच जास्त केली होती. माझ्या बाबतीत वेळेने फरक पडला असावा. छातीठोकपणे सांगणार नाही.

मधुमेह असेल, रक्तदाब वर-खाली होत असेल, उलट्या होत असतील किंवा एवढा डोस पहिल्यांदाच असेल, तर सलाइन बरं. कुणीतरी नाडी बघायला शेजारी असतं, हे काही थोडं नाही. मलाही पहिल्या खेपेला त्याचाच धीर होता. पण शरीराला औषध ओळखीचं झालं असेल आणि डॉक्टरांची ना नसेल, तर मी गोळ्यांचं विचारून बघेन. फार तर सलाइनच हवं म्हणाले, तर सकाळची पहिली वेळ मागून घ्या.

गोळ्यांचा जाच वेगळाच. १६ मिलिग्रॅमच्या गोळ्यांत हजारचा हिशेब साठाच्या वर जातो. मी पाच-पाच करून गिळल्या; कडवटपणा दुपारपर्यंत पुरला.