एकाच पिस्तुलाच्या दोन कथा: 'द मार्केट बेसिंग मिस्टरी' आणि 'मर्डर इन द म्यूज'

अगाथा ख्रिस्तींची 'द मार्केट बेसिंग मिस्टरी' ही छोटी कथा 1923 ची. त्यातलाच पेच घेऊन त्यांनी पुढे 'मर्डर इन द म्यूज' ही दीर्घकथा लिहिली आणि 1937 मध्ये ती त्याच नावाच्या संग्रहात आली. दोन्ही वाचायच्या असतील तर आधी दीर्घकथा घ्या. छोटी आधी वाचलीत तर मोठीतलं रहस्य हातातून जातं. मोठी वाचून छोटीकडे आलात तर मूळ आराखडा बघण्याची वेगळीच मजा मिळते. इथून पुढे उकल उघड केली आहे, तेव्हा ज्यांनी वाचलेली नाही त्यांनी इथेच थांबावं.

पेच असा: गोळी डोक्याच्या डाव्या बाजूला लागलेली आणि पिस्तूल मात्र उजव्या हातात. खोलीचं दार कुलूपबंद, चावी गायब, खिडकी आतून बंद. असं कुणी स्वतःला मारून घेऊ शकत नाही, म्हणजे खुनाला आत्महत्येचं सोंग दिलं, असं पोलिसांना वाटतं. खरं नेमकं उलटं आहे. मृत व्यक्ती डावखुरी होती आणि तिने खरोखर जीव दिला होता. जवळच्या माणसाने सकाळी येऊन पिस्तूल डाव्या हातातून उजव्या हातात ठेवलं, ते ब्लॅकमेल करणाऱ्याला फासावर चढवण्यासाठी. खोलीत सिगारेटी ओढलेल्या असूनही धुराचा वास नाही, हा गुप्तहेर पॉयरोचा पहिला धागा. खिडकी रात्रभर उघडी होती आणि नंतर कुणीतरी ती बंद केली, एवढं त्यावरून निघतं. तुटलेलं कफलिंकही दोन्हीकडे आहे, संशयिताकडे बोट दाखवायला.

फरक पडतो तो डावखुरेपणाच्या पुराव्यात. छोट्या कथेतल्या मृत वॉल्टर प्रोथेरोचा रुमाल उजव्या बाहीत खोचलेला असतो. धागा चोख आहे, पण बाहीत रुमाल ठेवायची सवय माहीत नसेल तर आजचा वाचक त्यावरून सहज पुढे निघून जातो. दीर्घकथेतल्या मृत मिसेस ॲलनच्या उजव्या मनगटावर घड्याळ आहे. हे कुणालाही कळतं, आणि वर्णनाच्या ओघात येतं म्हणून नजरेतूनही सुटतं. याला जोड मिळते ती गोल्फच्या काठ्यांची. मिसेस ॲलनची मैत्रीण जेन प्लेंडरलीथ एक छोटी ॲटॅची केस लपवण्याची इतकी धडपड करते की सगळ्यांचं लक्ष तिच्यावरच खिळतं. केस तळ्यात जाते, ती शोधून काढली जाते, आत काही महत्त्वाचं सापडत नाही. तिला नाहीशा करायच्या होत्या त्या डावखुऱ्याच्या काठ्या. इतकं बेमालूम लक्ष वळवायला पानं लागतात. दहा-बारा पानांत हे जमणारच नव्हतं, आणि वाढीव लांबीचं सर्वांत मोठं समर्थन माझ्या मते हेच आहे.

दुसरं समर्थन हेतूचं. छोटीत मिस क्लेग ही घर सांभाळणारी बाई. तिची निष्ठा आणि ब्लॅकमेल करणाऱ्या पार्कर दांपत्यावरचा राग शेवटच्या कबुलीत एकदम सांगितला जातो आणि आपण तो मान्य करून टाकतो. जेन मात्र सुरुवातीपासून समोर असते: तल्लख, ताठ, पोलिसांना नेमकी हवी तेवढीच माहिती देणारी. तिने मैत्रिणीची चिठ्ठी का लपवली, हे कळतं तेव्हा धक्का बसतो आणि पटतंही. इथला ब्लॅकमेल करणारा मेजर युस्टेस, त्याच्याविषयी आपल्यालाही कणव वाटत नाही. तरीही जे केलं नाही त्यासाठी त्याला फाशी होणं म्हणजे खूनच, ही पॉयरोची भूमिका म्हणूनच जड वाटते. सुरुवातही मोठीचीच सरस. गाय फॉक्सच्या रात्री, म्हणजे 5 नोव्हेंबरच्या इंग्लंडमधल्या सणाला, फटाके वाजत असतात आणि आज गोळी झाडली तर कुणाला ऐकूही जाणार नाही, असं पोलीस अधिकारी जॅप सहज बोलून जातो.

उणीव मधल्या चौकश्यांत आहे. मिसेस ॲलनचा नियोजित वर, खासदार लॅव्हर्टन-वेस्ट, याच्याशी झालेली बोलणी लांबतात. तो खुनी असेल असं क्षणभरही वाटत नाही, त्यामुळे ती पानं संशय वाढवत नाहीत. शिवाय पॉयरोचा मित्र हेस्टिंग्ज नाही. छोटीत कथा तोच सांगतो, त्याच्या भाबड्या निवेदनामुळे तिला जी ऊब आहे ती तृतीयपुरुषी मोठीत सापडत नाही.

विकत घेताना: छोटी कथा 'पॉयरोज अर्ली केसेस' (1974) मध्ये मिळेल. 1937 च्या संग्रहात चार दीर्घकथा आहेत. त्याची अमेरिकी आवृत्ती 'डेड मॅन्स मिरर' नावाची असून तीत 'द इन्क्रेडिबल थेफ्ट' नाही, म्हणून ब्रिटिश आवृत्ती पाहून घ्या. ही वगळलेली कथाही 'द सबमरीन प्लॅन्स' या 1923 च्या कथेचा विस्तार आहे आणि ती छोटी कथा 'अर्ली केसेस'मध्येच आहे. म्हणजे दोन पुस्तकांत दोन जोड्या होतात. तिसरी जोडी 'डेड मॅन्स मिरर' या दीर्घकथेची. तिचं मूळ 'द सेकंड गाँग' मात्र 'प्रॉब्लेम ॲट पोलेन्सा बे' (1991) या संग्रहात शोधावं लागेल.