फोमचे इअरप्लग: पोळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

हिंगणा एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं काम. मागच्या पोळ्यापासून साधे फोमचे इअरप्लग वापरतोय. पाकिटावर 33 डेसिबल लिहिलंय, पण प्रत्यक्षात तेवढा आवाज कमी होत नाही, आणि नुसते कोंबले तर जवळपास काहीच नाही. बोटांत वातीसारखे बारीक वळायचे, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने दाबून धरायचा. नीट बसला की आपलाच आवाज डोक्यात घुमतो.

पूर्वी ग्राइंडरवर पाळी झाली की कानाला दडे बसायचे. संध्याकाळी बातम्या मोठ्याने लावाव्या लागत. सकाळी त्याच आकड्यावर टीव्ही दणकायचा, कारण रात्रीतून कान मोकळा झालेला असे. कानाच्या आतल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी थकतात म्हणून हे होतं. रोजच होत राहिलं तर मात्र त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. दिवसाला 85 डेसिबलला 8 तास, 100 ला फक्त 15 मिनिटं, त्यापुढे कानाला धोका, असं कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश संस्थेचं गणित आहे. अँगल ग्राइंडर सहज 95-100 पर्यंत जातो! आता दडे बसत नाहीत. एवढ्यासाठीच मी प्रत्येक कामगाराला हे घ्यायला सांगेन.

पण एक गोष्ट विकणारा सांगत नाही. धाकटा भाऊ रात्रपाळीला असतो आणि आमचं घर वर्धा रोडला लागून, म्हणून तो दिवसा झोपताना, मग जागेपणीही प्लग घालायचा. काही आठवड्यांत ताटली आपटली तरी दचकायला लागला, कुकरची शिट्टी सोसवेना. तपासणीत कान चांगले निघाले. कान तपासणाऱ्या ऑडिऑलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या, "दादा, बाहेरून आवाज कमी मिळाला की मेंदू आतून व्हॉल्यूम वाढवतो." 2003 साली फॉर्मबी नावाचे संशोधक आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात हेच दिसलं होतं: दोन आठवडे प्लग घातलेल्यांना तेच आवाज जास्त मोठे वाटू लागले, आणि सतत हलकी सरसर ऐकवलेल्यांना कमी मोठे.

मॅडमनी घरात पूर्ण शांतता टाळायला सांगितली. उन्हाळा लागलाच होता. भाऊ प्लग काढून कूलरच्या घरघरीत झोपायला लागला. हळूहळू शिट्टीचा त्रास गेला. वर्कशॉपात आणि लग्नातल्या डीजेसमोर तो अजूनही घालतो, घरात नाही.

मळलेला किंवा कडक झालेला प्लग धुऊन वापरू नका, तो नीट फुगत नाही. नवी जोडी घ्या.