जुनी सात आसनी डिझेल एसयूव्ही : तीन वर्षे, ३६ हजार किलोमीटर आणि खर्चाची वही

२०२२ च्या दिवाळीनंतर मी २०१७ सालची, बीएस-४ या प्रदूषण मानकाची, २.२ लिटर डिझेल इंजिनाची सात आसनी एसयूव्ही ७ लाख ४० हजार रुपयांना विकत घेतली. आई-वडिलांसह घरात आम्ही सात माणसे, शेत चोपडा तालुक्यात, आणि धुळे, नाशिक व छत्रपती संभाजीनगरकडे वर्षभर ये-जा. लहान गाडीत हे जमत नव्हते. घेतली तेव्हा मीटरवर ९६ हजार किलोमीटर होते, आज १ लाख ३२ हजार आहेत. गाडी कोणत्या कंपनीची, याला येथे फारसे महत्त्व नाही, कारण या आकाराच्या आणि वयाच्या बहुतेक डिझेल गाड्यांची दुखणी थोड्याफार फरकाने सारखीच असतात.

पहिल्या दिवसापासून मी प्रत्येक खर्च वहीत लिहून ठेवला आहे. दुरुस्ती, सर्व्हिसिंग, टायर आणि विमा मिळून तीन वर्षांत सुमारे तीन लाख रुपये गेले. प्रत्यक्ष सरासरी लिटरला साडेअकरा किलोमीटर पडते, म्हणजे या काळात डिझेलवरही जवळपास तेवढीच रक्कम खर्च झाली. गाडी घेताना आपण डिझेलचा हिशेब मांडतो आणि देखभालीचा अंदाजाने धरतो. माझीही चूक तीच झाली. जुनी गाडी निम्म्याहून कमी किमतीत मिळाली तरी तिचा क्लच, इंजेक्टर किंवा टायर निम्म्या किमतीत मिळत नाही. तो नव्या गाडीच्याच भावाने घ्यावा लागतो.

खान्देशात अशा गाडीची खरी परीक्षा उन्हाळा घेतो. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, दोन्ही एसी सुरू असतात आणि गाडीत सात माणसे बसलेली असतात. पहिल्याच मे महिन्यात चाळीसगावहून कन्नड घाट चढताना तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या वर सरकू लागला. एसी बंद करून आणि वेग कमी करून घाट पार केला, पण दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये रेडिएटर उतरवल्यावर दोन कारणे समोर आली. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या अरुंद जागेत धूळ व कापसाच्या तंतूंचा जाड थर बसला होता. बाहेरून पाण्याचा फवारा मारून तो निघत नाही, दोन्ही भाग वेगळे करूनच साफ करावा लागतो. दुसरे कारण अधिक गंभीर होते. आधीच्या मालकाने कूलंटऐवजी, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या खास द्रवाऐवजी, बोअरचे साधे पाणी वापरले होते. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असल्याने रेडिएटरच्या नळ्यांत आणि थर्मोस्टॅटमध्ये (कूलंटचा प्रवाह उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या झडपेत) क्षारांचा थर साचला होता आणि वॉटर पंपाच्या पात्यांना गंज लागला होता. सफाई, नवा पंप, थर्मोस्टॅट आणि योग्य प्रमाणातले कूलंट यांना १९ हजार रुपये लागले. मेकॅनिक म्हणाले, “भाऊ, अजून एक घाट असाच चढला असता तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालची सील, गेली असती.” तेव्हापासून दर वर्षी मार्चमध्ये मी ही सफाई करून घेतो आणि काटा पुन्हा कधी हललेला नाही.

सर्वांत मोठे एकरकमी बिल मात्र क्लचचे आले. या वर्गातल्या अनेक डिझेल गाड्यांमध्ये क्लचला लागून दुहेरी वस्तुमानाचे फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारे जड चाक, असते; त्याच्या दोन भागांमध्ये स्प्रिंगा असतात आणि त्या इंजिनाचे हादरे शोषून घेतात. या स्प्रिंगा सैल झाल्या की गाडी उभी असताना खडखड ऐकू येते आणि इंजिन बंद करताना ठळक झटका बसतो. ही लक्षणे मला खरेदीच्या वेळीही दिसली होती, परंतु डिझेल इंजिनाचा आवाज असाच असतो असे समजून मी ती सोडून दिली. दीड वर्षाने क्लच घसरू लागला आणि प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग व फ्लायव्हील मिळून ५४ हजार रुपये मोजावे लागले. एवढी माहिती आधी असती तर किमतीत तेवढी घट मागता आली असती.

गाडीचे रिकामे वजनच अठराशे किलोच्या पुढे आहे. ते वजन आणि गावाकडचे खड्डे यांचा भार पुढचे चाक धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मच्या बुशांवर (रबरी जोडांवर), बॉल जॉइंटवर आणि लिंक रॉडवर येतो. पुढचे टायर आतल्या कडेने झिजत असतील, तर केवळ अलाइनमेंट करून भागत नाही. आधी बुश पाहावेत. हे मला उशिरा कळल्यामुळे दोन टायर वेळेआधीच बाद झाले. बुश आणि जोडांच्या कामाला ३४ हजार लागले, चार टायरांना ४४ हजार.

इंधनाबाबत शेतकरी कुटुंबांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये साठवलेले डिझेल अडीअडचणीला गाडीत ओतण्याची सवय आपल्याकडे आहे. आजच्या कॉमन रेल इंजिनात (सर्व इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून डिझेल पुरवणाऱ्या इंजिनात) डिझेल दीड हजार बारपेक्षा अधिक दाबाने इंजेक्टरच्या अतिसूक्ष्म छिद्रांतून फवारले जाते, आणि ड्रमाच्या तळाशी जमलेले थोडेसे पाणीही ती रचना बिघडवू शकते. माझ्या गाडीचे दोन इंजेक्टर गेले. ते पुन्हा तयार केलेले बसवून २२ हजारांत काम झाले. डिझेल फिल्टरमधले पाणी मी आता ठरावीक अंतराने काढून टाकतो.

इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या टर्बोने अजून त्रास दिलेला नाही. त्याचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि त्याला तेलाचाच आधार असतो. म्हणून महामार्गावरून आल्यावर इंजिन मिनिटभर तसेच चालू ठेवून मग बंद करावे, आणि तेल बदलण्यात दिरंगाई करू नये. निळसर धूर किंवा वाढलेली शिटी ही टर्बोची पूर्वसूचना समजावी. काळा धूर आणि कमी झालेला जोर यांचे कारण अनेकदा काजळीने भरलेला ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप, असतो. तो साफ करणे स्वस्तात होते. काचांची बटणे, सेन्सर यांसारख्या किरकोळ तक्रारी चालतच राहतात.

विम्याच्या बाबतीत पुष्कळ जण गाफील राहतात. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत २० पासून ५० टक्क्यांपर्यंत वाढते, पण ती मालकाची असते, गाडीची नसते. त्यामुळे जुन्या मालकाची सवलत नव्या मालकाला मिळत नाही. नेहमीच्या पॉलिसीत प्लास्टिक व रबरी भागांवर ५० टक्के घसारा (वापरामुळे कमी धरलेली किंमत) कापला जातो, आणि पाच ते दहा वर्षे वयाच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के. मोठ्या गाडीचा बंपर आणि दिवे महाग असल्याने दावा मंजूर झाला तरी खिशातून बरीच रक्कम जाते.

मालकी बदलासाठी नमुना २९ आणि ३०, तसेच आधीचे कर्ज असल्यास नमुना ३५ व बँकेचे ना-हरकत पत्र घेतल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. मीटर मागे फिरवलेला असू शकतो, हे गृहीत धरावे. पेडलचे रबर, स्टिअरिंगची चकाकी आणि चालकाच्या आसनाची कड यांच्यावरून वापर बराचसा कळतो. टायरच्या बाजूवरील चार अंकांतून तो कोणत्या आठवड्यात व वर्षी बनला हे वाचता येते. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. विक्रेत्याने ते आधीच तापवून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे.

एवढा खर्च होऊनही गाडी मी विकणार नाही. वडिलांचे गुडघे दुखतात, आणि उंच आसनामुळे त्यांना चढणे-उतरणे सोपे जाते. धुळ्याहून नाशिकला जाताना गाडी महामार्गावर इतकी स्थिर राहते की आई मागच्या आसनावर निवांत झोपते. ज्यांच्याकडे खरेदीच्या रकमेशिवाय पहिल्या वर्षासाठी किमान एक लाख रुपये वेगळे ठेवलेले आहेत आणि ज्यांचा वापर सहा-सात माणसांचा आहे, त्यांनी अशी गाडी जरूर पाहावी. दोघा-तिघांच्या कुटुंबाने ती केवळ किंमत उतरली म्हणून घेऊ नये. माझ्या गाडीचे मागचे शॉकॲब्सॉर्बर आता तेल सोडू लागले आहेत. ते पुढच्या आठवड्यात बदलायचे ठरले असून त्यांचा खर्च वहीच्या नव्या पानावर लिहिला जाईल.