उन्हाळ्याच्या सुट्टीत गाडीने खेडोपाडी: रोज नवा मुक्काम की एकाच गावात तळ?

फॅमिली घेऊन गाडीने आतल्या भागात फिरायचं ठरलं की घरात पहिली चर्चा होते ती रूटची, पण रूटच्या आधी ठरवायला हवं ते हे की रोज संध्याकाळी नवीन गावात मुक्काम करत पुढे सरकायचं का एकाच ठिकाणी खोली घेऊन तिथूनच चारी दिशांना फिरून यायचं. मी दोन्ही केलंय आणि माझं मत आधीच सांगून टाकते, गाडीत आठ वर्षांच्या आतलं पोर किंवा सत्तरीच्या पुढचं कोणी असेल तर तळ ठोका, दोघंच असाल किंवा कॉलेजातली पोरं असतील तर बिनधास्त रोज हला.

सगळा फरक येतो तो "आज पोचायलाच पाहिजे" यातून. रोज हलायचं म्हटलं की रात्रीची खोली कुठेतरी पुढे बुक असते आणि मग विहिरीवर मोट बघायला, झाडाखाली पाय पसरायला, वाटेत कोणी बोलावलं तर दहा मिनिटं बसायला जे थांबायचं असतं तेच आधी कापलं जातं, म्हणजे ज्यासाठी हायवे सोडला तेच राहून गेलं. आतल्या रस्त्यावर ॲव्हरेज ताशी ३५-४० च्या वर धरूच नका, पुढे ट्रॅक्टर असतो, मेंढरं असतात, वळणं असतात, त्यामुळे १६० किलोमीटर म्हणजे नुसती चार-साडेचार तास गाडी आणि थांबे धरून सात तास सहज. मॅपवर दिसणाऱ्या वेळेवर खोली बुक करणारे लोक संध्याकाळी एकमेकांशी बोलत नसतात, बघा कधी.

आता ऊन. तळ असेल तर सकाळी सहाला पाण्याच्या बाटल्या नि टोप्या घेऊन निघायचं, साडेदहा-अकराला परत, दुपारी पडायचं, पाचनंतर पुन्हा बाहेर. रोज हलणाऱ्यांना हे जमत नाही कारण सकाळी बॅगा भरा, चार्जर शोधा, डिकी लावा, हिशेब चुकता करा यात नऊ-साडेनऊ वाजतात आणि मग ऐन दुपार गाडीत जाते. दुपारी दोन ते चार हा वेळ तसाही शरीराचा पेंगायचा असतो, ड्रायव्हरच्या शरीराचासुद्धा. आणि मुलं नेमकी पोचता पोचता झोपतात, मग "झोपलंय तर राहू दे, आपण पटकन खोली बघून येऊ" असं कोणीतरी म्हणतंच. हे अजिबात करायचं नाही. उन्हात बंद गाडीचं आतलं तापमान १० मिनिटांत साधारण १० अंशांनी चढतं, अर्ध्या तासात २० च्या आसपास, काच चार बोटं उघडी ठेवून काही विशेष फरक पडत नाही.

उलटीचा विषय पण इथेच येतो. २ ते १२ वयाच्या मुलांना गाडी लागण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त, कारण कान सांगतो आपण हलतोय आणि डोळे मात्र मोबाईलवर किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर अडकलेले. लांबवर बघायला लावा, स्क्रीन काढून घ्या, डॉक्टरांना विचारून गोळी घेतलीच असेल तर ती निघायच्या अर्धा-एक तास आधी, वळणं सुरू झाल्यावर नाही. तळ असेल तर पोराला मळमळायला लागलं की वीस किलोमीटरवरूनही गाडी वळवता येते. मुक्काम पुढे असेल तर तेवढी वळणं संपवावीच लागतात.

पण तळवाल्यांचं सगळंच छान असं नाही हं. खोलीपासूनचा पहिला दहा किलोमीटरचा तोच रस्ता, तीच पाटी, तोच स्पीडब्रेकर, तिसऱ्या दिवशी मुलं पण "पुन्हा इथूनच?" म्हणतात. शिवाय तासा-सव्वा तासात परतायचं तर ४०-५० किलोमीटरच्या वर्तुळाबाहेर जाताच येत नाही. रोज हलणाऱ्याला माती बदलताना दिसते, पीक बदलतं, घरांची छपरं बदलतात, बोलण्याची ढब बदलते, एखादी नदी धरून वरपासून खालपर्यंत जाता येतं, हे सुख तळ ठोकून मिळत नाही आणि मला विचाराल तर मोठी मुलं असताना हे सोडू नये. वरून खोली वाईट निघाली तर एकच रात्र काढायची असते. तळाची खोली वाईट निघाली की अख्खी सुट्टी गेली, म्हणून आधी दोनच रात्री बुक करा, आवडलं तर वाढवा, तिसरीकडे हललात तरी बिघडलं नाही.

गाडीच्या बाजूने बघायचं तर तळ सरळ जिंकतो. दिवसभर डिकी रिकामी, त्यामुळे गाडी खाली घासत नाही आणि पंक्चर झालं तर स्टेपनी काढायला भर रस्त्यात सगळ्या बॅगा उतरवायला लागत नाहीत. रोज फुल लोडने जाणार असाल तर ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर फुल लोडचं वेगळं प्रेशर असतं ते बघा आणि हवा सकाळी टायर थंड असताना चेक करा, चालून गरम झालेल्या टायरमधून प्रेशर वाढलं म्हणून हवा सोडायची नाही, उन्हाळ्यात टायर फुटतात ते बहुतेक वेळा हवा कमी असल्यामुळे, कमी हवेत बाजू सारखी दबून दबून तापते. इलेक्ट्रिक गाडी असेल तर विचारूच नका, तळच घ्या, १६ अँपिअरच्या साध्या प्लगवरून ताशी तीनेक युनिट भरतात, रात्रभरात दुसऱ्या दिवसाच्या फेरीपुरतं आरामात होतं, फास्ट चार्जर मात्र आतल्या भागात शोधत बसावं लागतं. पेट्रोलचा फरक एवढा पडत नाही, त्यावरून ठरवू नका.

तळ कुठे टाकायचा हे ठरवताना उंची बघा. दर १००० मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे सपाटीवरच्या गावापेक्षा ८०० मीटर वरचं गाव पाचेक अंशांनी गार, आणि खालची गावं सकाळी लवकर बघून दुपारी वर यायचं. बुक करायच्या आधी मालकाला फोन करून तीनच गोष्टी विचारा, लाईट गेल्यावर पंखा चालतो का, पाणी दिवसभर असतं का, गाडीला सावली आहे का. मॅप घरच्या वायफायवरच ऑफलाईन उतरवून घ्या, रेंज नसली तरी जीपीएस चालतं, फक्त ट्रॅफिक दिसत नाही, आणि त्या रस्त्यावरचं ट्रॅफिक म्हणजे मेंढरंच, ती तशीही मॅपवर दिसत नाहीत.